‘बोलणं बंद’ असलेल्या माणसासाठी प्रार्थना कशी करावी

‘आमचं कुणाशी वैर नाही बा, फक्त बोलणं बंद आहे.’ वैऱ्यासाठी प्रार्थना हा विषय निघाला की नागपुरात मेकोसाबागेपासून सदरपर्यंत बहुतेक ख्रिस्ती घरांत हेच उत्तर मिळतं. गाडी तिथेच अडते. वैरी म्हणजे तलवार घेऊन अंगावर येणारा कुणीतरी, असं मनात धरलं की बायबलमधलं मत्तय ५:४४ आपल्याला लागूच होत नाही. वैऱ्यांवर प्रीती करा, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे वचन मग रविवारी ऐकायचं आणि सोमवारी विसरायचं वचन होऊन बसतं.

नागपुरातलं वैर बहुधा साधं दिसतं. वरच्या मजल्यावरच्या कुलरचं पाणी आपल्या खिडकीवर पडतं. लेआउटमधल्या प्लॉटची हद्द दीड फूट सरकते. वडिलांच्या मागे आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीवर, भावाचं नाव चढतं, बहिणीचं राहून जातं. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीच्या निवडणुकीत कुणी कुणाविरुद्ध उभं राहतं आणि त्यानंतर दोन घरं चर्चमध्ये बसायची बाजूच बदलतात. प्रार्थना सुरू करायची ती इथून.

नाव ठरवणं

एका वेळी एकच नाव घ्या. ‘प्रभू, माझ्या सगळ्या वैऱ्यांना आशीर्वाद दे’ ही प्रार्थना सोपी वाटते, कारण त्यात कुणाचाच चेहरा नसतो.

नाव सापडत नसेल तर स्वतःला तीन गोष्टी विचारा. नाताळच्या फराळाचं ताट कोणत्या घरी पाठवणं बंद झालं? लग्नपत्रिकांची यादी करताना कुठल्या नावापाशी पेन थांबलं? कुणाचा फोन वाजला की आधी नाव पाहता आणि मग वाजू देता? तिन्ही प्रश्नांना एकच नाव आलं तर शोध संपला.

दोन-तीन नावं आली, तर सगळ्यात खोल जखमेपासून सुरुवात करू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. ज्या नावाने दात आवळले जातात ते घ्या. ज्या नावाने हातपाय कापतात ते पुढे ठेवा. खोल जखमेपाशी मनाला सराव नसतो. प्रार्थना तिसऱ्याच दिवशी कोसळते आणि ‘हे माझ्याच्याने होत नाही’ असं म्हणून माणूस सगळंच सोडून देतो.

आता त्या माणसाला प्रार्थनेत कशी हाक मारायची तेही ठरवा. ही बारीक गोष्ट नाही. मराठीत भांडण झालं की पहिल्यांदा आदरार्थी रूप गळून पडतं. काकाजींचे ‘तो’ होतात, जाऊबाईंची ‘ती’ होते, काही घरांत तर नुसतं ‘वरचा’ किंवा ‘त्या घरची’ उरतं. भांडणाआधी जे म्हणत होता तेच प्रार्थनेत म्हणा. ‘काकाजींना’, ‘वहिनींना’, ‘सरांना’. पहिल्या दिवशी तोंडातून निघणार नाही. निघेपर्यंत तेवढीच प्रार्थना करा. दोन दिवस लागले तरी ते दोन दिवस वाया गेलेले नाहीत.

कागदावर तीन ओळी

प्रार्थनेला बसण्याआधी एकदाच, साध्या वहीच्या पानावर तीन ओळी लिहा.

पहिल्या ओळीत त्यांनी काय केलं ते लिहा, फक्त क्रियापदात. ‘तो लबाड आहे’ असं नाही. ‘दोन वर्षांपूर्वी घेतलेले ४०,००० रुपये परत दिले नाहीत’ असं. विशेषण माणसाला चिकटतं, क्रियापद कृत्याला. क्षमा कृत्याची करायची असते. ‘लबाड’ हे विशेषण क्षमा करता येत नाही, ते फक्त पाठ होतं.

दुसऱ्या ओळीत तुमचं काय गेलं ते लिहा: पैसे, झोप, माहेर, मंडळीतली जागा, वडिलांच्या शेवटच्या दिवसांतली भेट. ही ओळ बहुतेक जण टाळतात, कारण त्यात रडू आहे. पण ‘काही नाही, सोडून दिलं मी’ म्हणणाऱ्याकडे सोडण्यासारखं काही मोजलेलंच नसतं.

तिसऱ्या ओळीत तुम्ही काय केलं ते लिहा. चार लोकांत सांगितलं, मुलांना त्यांच्या मुलांशी खेळू दिलं नाही, मुद्दाम सलाम केला नाही. खरंच काही केलं नसेल तर ओळ रिकामी ठेवा. ओढूनताणून भरू नका. मारहाण झालेल्या बाईने, फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःचा दोष शोधत बसावं, अशी देवाची मागणी नाही. बाकीच्यांची ओळ मात्र सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप भरू लागते.

राग आधी देवापुढे

राग लपवून केलेली प्रार्थना टिकत नाही. स्तोत्रसंहितेत ५८, ६९, १०९, १३७ ही स्तोत्रं त्यासाठीच आहेत. १०९व्या स्तोत्रातला माणूस शत्रूचे दिवस थोडे होवोत इथपर्यंत बोलतो. कॅथलिक चर्चच्या दैनिक प्रार्थनाविधीतून १९७१ साली ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली गेली, इतकी ती सामूहिक उपासनेला जड जातात. म्हणून ती एकट्याने, दार लावून वाचा.

ती वाचताना एक गोष्ट पाहा: स्तोत्रकर्ता सूड मागतो, पण घेत नाही. सगळं देवाच्या कानावर घालतो आणि हात रिकामे ठेवतो. रोमकरांस पत्रात (१२:१९) प्रेषित पौलही तेच सांगतो: सूड देवाकडे सोपवा. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं असं बोला. शिवी आली तरी देव दचकत नाही. आठवड्यानंतर मात्र ही पाच मिनिटं कमी करत एकावर आणा, कारण तक्रारीचीही सवय लागते आणि मग तीच प्रार्थना वाटू लागते.

या स्तोत्रांचा वापर कुणाच्या नावावर ‘सोडण्यासाठी’ करू नका. अमुक स्तोत्र इतक्या वेळा म्हटलं की वैऱ्याचं वाटोळं होतं, असं कुणी सांगत असेल तर ती करणी झाली, प्रार्थना नव्हे.

नम्रता म्हणजे काय, आणि ‘सद्‌बुद्धी’ची अडचण

आपल्याकडे वैऱ्यासाठी सगळ्यात जास्त केली जाणारी प्रार्थना ही: ‘देवा, त्यांना सद्‌बुद्धी दे.’ ऐकायला निर्मळ. पण तिच्या पोटात काय आहे ते पाहा. बुद्धी मला आहे, त्यांना नाही. मी वर उभा, ते खाली. चूक कळायची ती त्यांना. लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून हेच बोलला होता. फक्त त्याने ते आभारप्रदर्शनाच्या रूपात मांडलं. जकातदार दूर उभा राहिला, डोळे वर करायलाही धजला नाही, आणि ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणाला. घरी नीतिमान ठरून गेला तो जकातदार.

म्हणून पहिले दोन आठवडे ‘सद्‌बुद्धी’, ‘त्यांचे डोळे उघड’, ‘त्यांना पश्चात्ताप होऊ दे’ ही तिन्ही वाक्यं पूर्ण बंद ठेवा. ती चुकीची नाहीत, फार लवकर येतात. त्यांच्या जागी जे स्वतःसाठी मागता तेच मागा: झोप, तब्येत, मुलाचं ॲडमिशन, घराचा हप्ता वेळेवर जाणं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आधी येते, पापाची गोष्ट नंतर.

त्या प्रार्थनेतलं मराठी नीट ऐकण्यासारखं आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ मराठीत ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरक नाही. इथे ऐकणारा आहे देव. म्हणजे रेघ पडते ती देव आणि आम्ही यांच्यामध्ये. आणि ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ते काकाजी त्या रेघेच्या अलीकडे, आपल्याच बाजूला उभे आहेत. मागणाऱ्यांच्या रांगेत. नम्रता शिकायला याहून जवळचा धडा सापडणार नाही: स्वतःला खाली ढकलायचं नाही, फक्त त्यांना ‘आम्ही’मधून बाहेर काढायचं नाही.

पुढची ओळ हिशेबाची आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ या हिशेबाचा आकडा मत्तय १८ मध्ये दिला आहे. एका चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. त्या चाकराचं सोबत्याकडून येणं शंभर दीनार. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा. म्हणजे एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. सहा लाखाला एक. पण उपदेशात अनेकदा निसटणारी गोष्ट अशी की शंभर दिवसांची मजुरी ही लहान रक्कम नाही. तीन महिन्यांहून जास्त घर चालतं त्यात. तुमचं काही गेलंच नाही असं येशू म्हणत नाही. गेलं ते खरं, आणि तुम्हाला सोडलं गेलं ते त्याच्या सहा लाख पट, असं त्याचं म्हणणं आहे. कागदावरची दुसरी ओळ म्हणूनच लिहायला सांगितली.

रोजची दहा मिनिटं

वेळ सकाळची, फोन हातात घेण्याआधीची. त्या माणसाचं व्हॉट्सॲप स्टेटस पाहून प्रार्थनेला बसलात तर दहाही मिनिटं स्टेटसवरच जातील. उन्हाळ्यात पारा ४५ला टेकतो त्या दिवसांत पहाटे साडेपाचची गच्ची उत्तम. दुपारच्या उकाड्यात चिडलेल्या अंगाने हे काम होत नाही. जागा अशी निवडा जिथून त्यांचं घर दिसत नाही आणि आवाज येत नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसासाठी त्याच्याच पावलांच्या आवाजाखाली बसू नका, कान तिकडेच जातो.

रात्री झोपताना लांबलचक प्रार्थना नको. अंधारात मन जुनं प्रकरण उगाळतं. इफिसकरांस पत्रातलं (४:२६) सूर्य मावळण्याआधी राग सोडण्याचं सांगणं पाळायला रात्री एक वाक्य पुरे: ‘प्रभू, आजचा राग तुझ्याकडे ठेवतो.’

भाषा तीच घ्या ज्या भाषेत भांडता. नागपुरात भांडण बरेचदा हिंदी-मराठीच्या मिसळीत होतं आणि प्रार्थना मात्र पोथीतल्या मराठीत सुरू होते. ‘हे परमकृपाळू, करुणासागरा’ म्हणून सुरू केलं की मनातली खरी गोष्ट बाहेरच थांबते. देवाशी वऱ्हाडीत बोललं तरी चालतं.

बसल्यावर तळहात मांडीवर उघडे ठेवा. मुठी वळल्या की लक्षात येईल, परत उघडा. पहिलं मिनिट गप्प राहा. मग एक मिनिट तिसऱ्या ओळीसाठी: आपलं जे चुकलं ते नाव घेऊन सांगायचं, ‘पण त्यांनीही’ हे शब्द न उच्चारता. त्यानंतर तीन-चार मिनिटं प्रभूची प्रार्थना अगदी सावकाश, प्रत्येक ‘आम्हांला’पाशी थांबून, तिथे त्यांचं नाव मनात घेऊन. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ या ओळीवर जास्त थांबा. इथे प्रार्थना दोघांनाही झाकते, त्यांच्यामुळे होणाऱ्या वाइटापासून तुम्हाला आणि तुमच्यामुळे होणाऱ्यापासून त्यांना. मग दोन-तीन मिनिटं त्यांच्यासाठी ठोस मागणं. शेवटी न्याय देवाच्या हातात देऊन आमेन.

पहिल्या आठवड्यात शब्द सुचणार नाहीत. तेव्हा असं काहीतरी लिहून ठेवा आणि वाचा:

‘प्रभू, काकाजींना तुझ्यापुढे आणतो. आम्ही दोघंही तुझं देणं लागतो. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कमी कर. त्यांच्या मुलाला काम मिळू दे. आज त्यांना शांत झोप दे. माझ्या बोलण्याने त्यांना जे लागलं ते मला दाखव. प्लॉटचा न्याय तुझ्या हातात ठेवतो, आजच्या दिवस तो परत मागणार नाही. येशूच्या नावाने, आमेन.’

‘आजच्या दिवस’ हे शब्द काढू नका. ‘कायमचं सोडलं’ असं पहिल्याच दिवशी म्हणणारा माणूस चौथ्या दिवशी स्वतःला खोटारडा समजू लागतो. एका दिवसापुरतं सोडणं जमतं, आणि उद्या पुन्हा सोडता येतं.

मुदत ठेवा चाळीस दिवसांची. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सुरू केलंत तर बरं: राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवारी मागणं बंद ठेवा. त्या दिवशी त्या माणसाबद्दलची एक तरी आभार मानण्याजोगी गोष्ट शोधा. ‘आईच्या मयतीला सगळ्यात आधी तेच आले होते.’ अशा गोष्टी असतात, भांडणाने झाकलेल्या.

कुठे बिघडतं आणि का

दुसऱ्या आठवड्यात प्रार्थनेची वकिली होते. ‘देवा, तुला तर माहीतच आहे की त्यांनी आधी…’ असं सुरू झालं की समजा आपण कोर्टात उभे आहोत. कारण साधं आहे: शब्द सुचू लागलेले असतात आणि बाजू मांडायची सवय जुनी असते. उपाय म्हणजे पुन्हा लिहिलेल्या प्रार्थनेकडे जाणं. ती वाचून संपली की उठा.

दुसरा बिघाड चारचौघांत होतो. घरगुती प्रार्थनासभेत किंवा मंडळीच्या ग्रुपवर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून नाव, प्रसंग, रक्कम सगळं येतं. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चुगली सगळ्यात लवकर पसरते, कारण तिला कुणी अडवत नाही. सभेत ‘एका व्यक्तीशी समेट व्हावा’ एवढंच सांगा. ओळखता येईल असा तपशीलही नको. पाळकांकडे किंवा फादरांकडे एकांतात सगळं बोलायला हरकत नाही.

तिसरं, त्या माणसाला जाऊन ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे’ असं सांगू नका. भांडणात हे वाक्य थपडेसारखं लागतं. तुम्हीच आजारी आणि मीच डॉक्टर, असा त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला पोचतो.

मग एखाद्या दिवशी बातमी येते की त्यांच्यावर संकट आलं. नोकरी गेली, अपघात झाला. ‘देवाने दाखवलं’ असे शब्द घरातलं कुणीतरी बोलतंच. नीतिसूत्रे २४:१७-१८ इथे थेट बोट ठेवतं: वैरी पडला म्हणून आनंद करू नकोस, परमेश्वराला ते आवडत नाही. अशा दिवशी प्रार्थना दुप्पट वेळ करा आणि त्या संकटाबद्दल घरात कमीत कमी बोला.

निखाऱ्यांचं वचनही असंच उलटं धरलं जातं. रोमकरांस पत्रात (१२:२०) पौल नीतिसूत्रांमधलं वचन देतो: वैरी भुकेला असेल तर खाऊ घाल, तान्हेला असेल तर पाणी पाज, असं केल्याने तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील. काही जण हे गोड बोलून जाळण्याची युक्ती समजतात. पण आदल्याच ओळीत सूड घेण्याची मनाई आहे आणि पुढच्या ओळीत बऱ्याने वाइटाला जिंकण्याची आज्ञा. मधली ओळ सुडाची कशी असेल? निखारे म्हणजे शरमेने पोळून मन वळणं, असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. ते मन वळवण्याचं काम देवाचं. आपलं काम पाणी देण्यापुरतं.

आणि कोरडेपणा. वीस दिवस झाले, मनात काहीच बदललं नाही, अजूनही चीड येते. हा बिघाड नाही, हे सांगायलाच हवं. मत्तय ५:४५ मध्ये देवाच्या प्रीतीचा पुरावा म्हणून भावना सांगितलेली नाही. सूर्य आणि पाऊस सांगितला आहे, दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच. मान्सून हद्द पाहून पडत नाही. तुमची दहा मिनिटं ठरल्या वेळी झाली तर प्रीती झाली. भावना मागून येते, कधी खूप मागून. चीड पुन्हा आली तर पहिल्या दिवसापासून मोजायला नको. पेत्राने ‘सात वेळा क्षमा करू का’ असं विचारलं तेव्हा उत्तर मोजदादीच्या पलीकडचं मिळालं होतं.

दोन आठवड्यांनंतर एक लहान कृती

निर्गम २३:४-५ मधला नियम मोठा व्यवहारी आहे. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भटकलेलं दिसलं तर त्याच्याकडे परत नेऊन दे. ओझ्याखाली पडलं असेल तर मदत कर. शत्रूला मिठी मार असं तिथे म्हटलेलं नाही. गाढव उठव, एवढंच.

फ्लॅट स्कीममध्ये याचं रूप सापडतं. त्यांचं कुरिअर आलं आणि घरी कुणी नाही, तर घेऊन ठेवा. मे महिन्यात टँकर आला तर त्यांच्या दारावर टकटक करा. गाडीची लाइट चालू राहिली असेल तर सांगा. बोलण्याची गरज नाही, उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. सगळ्यात आधी जमण्याजोगी कृती म्हणजे गेटपाशी समोरासमोर आलं की ‘सलाम’ म्हणणं. त्यांनी तोंड फिरवलं तरी तुमचा सलाम झालेला असतो. मोठ्या भेटवस्तू, अचानक पाया पडणं, सगळ्यांसमोर माफी मागणं हे टाळा. समोरचा माणूस कोंडीत सापडतो आणि ते नम्रतेचं प्रदर्शन होतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तय ५:२३-२४ वाचून जा. वेदीपाशी आठवलं तर आधी समेट, मग अर्पण. वचनाचे शब्द मात्र नीट पाहा: तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं म्हटलंय. म्हणजे मी कुणाला दुखवलं ते आठवायचं. चाळीस दिवसांत एकदा तरी, तिसऱ्या ओळीतली गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली असेल तर, त्यांच्याकडे जाऊन तेवढीच बोला. ‘त्या दिवशी मी चार लोकांत तुमचं नाव घेतलं, ते चुकलं.’ पूर्णविराम. त्यांच्या चुकीचा उल्लेख त्या भेटीत नको.

जिथे जीवाला धोका आहे

नवऱ्याची मारहाण, घरातला लैंगिक अत्याचार, धमक्या: इथे ‘सहन कर आणि प्रार्थना कर’ असं सांगणारा माणूस वचनाचा गैरवापर करतो, मग तो कितीही वडीलधारा असो. येशूच्या तोंडात मारली गेली तेव्हा त्याने विचारलं होतं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). पौलाने कैसरापाशी दाद मागितली. आधी सुरक्षित जागी जा. ११२ वर पोलीस मिळतात, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, मुलांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५चा आहे आणि तो ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. प्रार्थना दुरूनही होते. त्यासाठी त्या घरात परत जावं लागत नाही, समोर यावं लागत नाही. सलाम करण्याचा आणि भेटीचा वर दिलेला भाग अशा ठिकाणी पूर्ण गाळा.

जमिनीच्या किंवा पैशाच्या वादात खटला चालू असेल तर प्रार्थनेसाठी तो मागे घ्यायची गरज नाही. सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टात तारखेला जाण्याआधी दोन वाक्यं पुरेत: खरं बोलण्याची ताकद मला दे, त्यांनाही दे. वकिलाला खोटं कलम जोडायला सांगायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळा.

मंडळीलाच कुणी त्रास देत असेल, सभा बंद पाडत असेल, तर कायदेशीर तक्रार आणि प्रार्थना दोन्ही करा. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडत असताना तो मारणाऱ्यांसाठी बोलला. दगड मारणाऱ्यांनी कपडे ठेवले ते शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी. तोच पुढे पौल झाला. (हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या मिशनऱ्याचं पहिलं नाव स्टीफन, ते याच स्तेफनाचं.) आपल्या प्रार्थनेच्या वेळी कपडे राखत कोण उभा आहे ते आपल्याला दिसत नाही.

तो माणूस वारला असेल तर कॅथलिक परंपरेत त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, अर्पण करता येते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. तिथे त्याच्या मागे राहिलेल्यांसाठी करा, नावानिशी. कागद मात्र दोन्हीकडे तसाच लिहा.

कधी थांबायचं

चाळीसाव्या दिवशी पाहायच्या खुणा साध्या आहेत. त्यांचं नाव कुणी काढलं तर पोटात गोळा येतो का? त्यांच्या मुलीच्या पेढ्याचा एक तुकडा खरंच गोड लागतो का? ती जुनी गोष्ट सांगायला आधी अर्धा तास लागायचा, आता किती वाक्यं लागतात? दोन-तीन वाक्यांत संपत असेल तर नाव रोजच्या प्रार्थनेच्या साध्या यादीत हलवा, घरच्या माणसांच्या खालोखाल. नसेल संपत तर आठवडाभर विसावा घ्या आणि पुन्हा चाळीस दिवस. ‘सद्‌बुद्धी’चं वाक्यही आता वापरायला मोकळे आहात, फक्त ‘आम्हां दोघांना’ असं करून.

ईयोबाने आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा परमेश्वराने त्याची दशा पालटली, असं ईयोब ४२:१० मध्ये आहे. पण ते सौदा म्हणून मागू नका. त्या मित्रांनी त्याला किती टोचलं होतं ते मागच्या अध्यायांत वाचा, म्हणजे त्या प्रार्थनेचं वजन कळेल.

वहीतला तो कागद नाव यादीत हलवल्याच्या दिवशी फाडा. आधी नाही, आणि कुणाला दाखवून नाही. कलस्सैकरांस पत्रात (२:१४) आपल्याविरुद्धचा ऋणलेख खोडून वधस्तंभाला खिळल्याचं वर्णन आहे; मनात तेच ठेवून चार तुकडे करा आणि चुलीत किंवा ओल्या कचऱ्यात टाका. खटला चालू असेल तर पावत्या, आखीव पत्रिकेची नक्कल, नोटिसा हे सगळं फाइलमध्ये जसंच्या तसं राहू द्या. फाडायचं ते फक्त वहीतलं पान.